बंदराकडे जाणारा डबा

गुरुवार, १२ मार्च १९३६, संध्याकाळ

आमच्या जंक्शनात गाडीचा मागचा डबा सोडवून बंदराच्या गाडीला जोडतात. पुढचे डबे सरळ निघून जातात. आज पुढच्या बायकांच्या डब्यात आमच्या पासली गावची एक म्हातारी होती. बंदराला दिलेली लेक बाळंतपणात अडली म्हणून निघालेली. मी म्हणालो, "आजी, मागच्या डब्यात चला."

"तितं समदे गडी! रेल्वेची टोपी घातलीस म्हून म्हातारीला गड्यांत बसवतूस व्हय रं?"

बायका हसल्या. मी ओशाळून मागे फिरलो आणि गाडी तिला भलतीकडे घेऊन गेली. पुढच्या स्टेशनाला तार केली, अजून उत्तर नाही. हात धरून का उतरवले नाही? बायका हसल्या म्हणून? एवढ्यासाठी?

बंदराची गाडी आता पोहोचली असेल. जावई फलाटावर सासूला शोधून एकटाच घरी जाईल. लेक दाराकडेच बघत असेल.