भेगांचे दिवस

बाबा, तुम्ही गेल्यानंतरही तीन महिने तुम्ही पाऊस मोजत होतात, हे मी आज सकाळी आमच्या सर्वेक्षणाच्या मॅडमना सांगितलं. अकरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग एवढंच विचारलं, "कोणत्या तारखेपासून?" मी तुम्ही गेलात ती तारीख सांगितली. त्या म्हणाल्या, "लिहून दे. चार वाजता गाडी नागपूरला निघेल. त्याआधी सहीनिशी चिठ्ठी माझ्या हातात पाहिजे." आता अडीच वाजले आहेत. चिठ्ठीचा कागद मांडीवर आहे, त्यावर 'प्रति' एवढंच लिहून झालं आहे, आणि मी मोहाच्या झाडाखाली बसून उरलेल्या फॉर्मांच्या कोऱ्या पाठीवर तुम्हाला लिहितो आहे. घाईत लिहितो आहे, म्हणून अक्षर नेहमीसारखं नाही.

मी मातीच्या सर्वेक्षणावर मदतनीस आहे. बारावीला दोनदा बसलो आणि दोनदा राहिलो, तरी मला इथं घेतलं ते अक्षरामुळे. खड्डा मजूर खणतात, मॅडम आत उतरतात, थराथराने सांगत जातात आणि मी वरून लिहितो. हा खड्डा सावली तालुक्यातल्या एका गावात, एका म्हाताऱ्या आजीच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात आहे. दीड मीटर खोल आहे, आणि तळापर्यंत कन्हार, म्हणजे आपल्याकडची भारी काळी माती. ओलं ढेकूळ मॅडम रंगांच्या वहीशी लावून पाहतात, चिमूटभर माती मळून तिची पट्टी किती लांब निघते ते पाहतात, आम्लाचे थेंब टाकून फेस येतो का बघतात. खालच्या थरातलं ढेकूळ फोडलं की आत तिरपे चकचकीत पापुद्रे दिसतात, तेलाचा हात फिरवल्यासारखे. माती पावसात फुगते, सुकली की आकसते, आणि अशी वर्षानुवर्षं स्वतःशीच घासत राहते, त्याची ती चकाकी. हे सगळं मी न चुकता लिहिलं. प्रत्येक शब्द दोनदा वाचला.

पण नाव द्यायला एवढं पुरत नाही. या मातीचा पोटगट ठरतो तो वर्षात तिच्या भेगा किती दिवस उघड्या असतात यावरून. पाच महिन्यांहून कमी असतील तर ती ओल टिकवणाऱ्या गटात, जास्त असतील तर कोरड्या. तेही एका वर्षावर ठरत नाही, कोरडी ठरायला दहापैकी निदान सहा वर्षं तसं दिसावं लागतं. भेगांचे दिवस कुणी मोजून ठेवलेले नसतात. मग पावसाचे आणि उन्हाचे आकडे घेऊन, माती कधी ओली झाली असेल आणि कधी सुकली असेल, याचा हिशोब करतात. जवळचं सरकारी पर्जन्यमापक आता नदीपलीकडे, आणि तिकडे पाऊस नेहमीच जास्त. मॅडम हळहळल्या, "याच काठाचे आकडे मिळाले असते तर!" आणि मीच म्हणालो, "आमच्याकडे वह्या आहेत."

मीच म्हणालो, बाबा. विश्रामगृहातल्या पर्जन्यमापकावर तुम्ही रोज मोजलेल्या पावसाच्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या तुमच्या वह्या ट्रंकेतून मीच आणून दिल्या. शेवटच्या तीन महिन्यांचं मी विसरलो होतो असं आत्ता वर लिहिलं होतं, ते खोडलं. विसरलो नव्हतो. मला वाटलं, एवढ्या पानांत तेवढी पानं कोण बघणार. आणि मॅडम म्हणाल्या होत्या की अहवालात तळाला, बारीक अक्षरात का होईना, तुमचं नाव येईल. विश्रामगृहाच्या चौकीदाराचं नाव मातीच्या अहवालात छापून येणार, हे ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

तुम्हाला आठवत असेल, मी पहिल्यांदा मोजपात्र हातात घेतलं तेव्हा उभ्यानेच वरून पाहिलं होतं. तुम्ही विश्रामगृहाच्या पायरीवर विडी विझवत होतात. "काय करून राह्यला? डोया पान्याच्या रेघेवर आन. वरून पाह्यलं का पाऊस जास्त दिसते." मी वाकलो. "आनखी खाली. पानी तुयाकडं नाई येनार, तुले जा लागन त्याच्याकडं." मग मी चिखलात गुडघे टेकले. मी आकडा सांगितला, दहा. तुम्ही माझ्या हातातून काचेचं पात्र घेतलं, स्वतः बसून पाहिलं आणि म्हणालात, "नऊ पूर्णांक सहा. पुरा आकडा आला का मले भरवसाच वाटत नाई. पाऊस काय मोजूनमापून पडते का?" आणि दुसरी गोष्ट तुम्ही वही उघडून दाखवली होतीत. "एखाद्या दिवशी पाहनं झालं नाई, तं घर कोरं ठेवाचं. शून्य नाई लिवाचं. शून्य म्हंजे मी पाह्यलं, पाऊस नोयता. कोरं म्हंजे मी पाह्यलंच नाई." तुमच्या सगळ्या वह्यांत एकच घर कोरं आहे. तुमची आई, माझी आजी गेली तो दिवस. काल मॅडमनी ते घर पाहून विचारलं आणि मी सांगितलं, तर त्यांनी त्या घराशेजारी पेन्सिलीने बारीक खूण केली.

हिशोब काल पुरा झाला. दहा वर्षांपैकी पाच कोरडी, पाच ओली. कोरड्या गटाला सहा पाहिजेत, पाचच भरतात, म्हणजे ही माती ओल टिकवणाऱ्या गटात. शेवटचं वर्ष, तुमचं शेवटचं, ओल्यांत धरलं होतं. बांधीची मालकीण आजी खड्ड्याच्या कडेला पदर डोक्यावर घेऊन बसली होती. ती गेले दोन दिवस रोज येऊन बसते. "काऊन वो बाई, एवढं खंदून का भेटलं?" मॅडम हसल्या, "माती भेटली, आजी." "थे तं वरतंच होती!" मजूर हसले, मीही हसलो. मग मॅडमनी तिला सहज विचारलं, की तुमच्या त्या शेवटच्या साली, म्हणजे तलाव फुटला त्याच्या आदल्या साली, पाऊस कसा होता. आजी म्हणाली, "त्या साली? पोया झाला न् पाऊस जो गेला तो गेला. धान लोंबीवर वायला. ह्याच बांधीत माया पाय भेगेत गेला, दिवाईपर्यंत लंगडत होती मी." मॅडम म्हणाल्या, "पण आजी, वहीत तर पोळ्यानंतर चांगला पाऊस लिहिलाय." "मंग तो वहीतच पडला असन, बाई. आमच्या वावरात नाई पडला."

सगळे पुन्हा हसले. मॅडम मात्र वहीची पानं मागेपुढे करत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "दरवर्षी तुझे बाबा शेऱ्यात काहीबाही लिहितात. नाल्याला पूर. अंगणातली भेग मिटली. आज चिमण्या नरसाळ्यावर बसल्या. या वर्षी श्रावणानंतर काहीच बोलत नाहीत. आजारी होते का?" मी हो म्हणालो. मी तुमचं अक्षर गिरवलं होतं, तुमचा चार, तुमचा लांब शेपटीचा नऊ. आदल्या साली पाऊस चांगला झाला होता, त्याच दिवसांचे आकडे घेऊन थोडे इकडेतिकडे केले होते. तुमची आद्याक्षरंही केली होती. शेरा भरायचं मात्र सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी काय लिहिलं असतं?

गाव ओल टिकवणाऱ्या गटात गेलं, तर धान निघाल्यावर लाखोरी-जवसाच्या रब्बी पिकाला पाणी लागत नाही असं धरतील, आणि इथल्या मामा तलावाची, म्हणजे मालगुजारीच्या काळातल्या त्या जुन्या तलावाची फुटलेली नहर, म्हणजे कालवा, दुरुस्तीच्या यादीतून निघेल. आजी तेवढ्यासाठीच येऊन बसते. तिला गट-पोटगट माहीत नाही, नहर माहीत आहे. म्हणून आज सकाळी मी सांगितलं. मॅडमनी लगेच तो हिशोबही केला. तुमचं शेवटचं वर्ष काढलं तर मागचं एक वर्ष घ्यावं लागतं, आणि ते कोरडं आहे. म्हणजे सहा. नहर यादीत राहते. तुमच्या वह्या अहवालात राहतात. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मॅडम पुढे म्हणाल्या, "वही मी एका हाताच्या भरवशावर धरते. हात बदलला तिथं रेघ मारता येते. पण त्याच हातातली एक जरी नोंद खोटी निघाली, तर मी रेघ कुठं मारू? मग मला सगळ्या वह्या बाजूला ठेवून पलीकडच्या काठाचा पाऊस घ्यावा लागेल."

"अशी एखादी आहे का?" त्यांनी विचारलं, आणि बाबा, मी तिथे 'नाही' म्हणालो. "त्याआधीचं सगळं खरं आहे," असं म्हणालो.

तुम्हाला ताप आला त्या सकाळी तुम्ही मला नाल्यापलीकडे, विश्रामगृहावर पाऊस पाहायला पाठवलंत. नाल्याला पाणी होतं, पण गुडघ्याएवढंच. जाता आलं असतं. मी नाल्याअलीकडच्या चहाच्या टपरीत बसलो, मोबाइलवर गाणी ऐकली, आणि तासाभराने घरी आलो. तुम्ही खाटेवर होतात, आई कपाळावर ओली पट्टी ठेवत होती. तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "किती?" मी आकडा सांगितला. तुम्ही कुशीवर वळून वही मागितलीत आणि स्वतःच्या हाताने लिहिलात. असं सहा दिवस चाललं. रोज सकाळी मी नाल्यापर्यंत जायचो, रोज तुम्ही विचारायचात, रोज मी सांगायचो. सहाव्या दिवशी तुम्हाला पेन धरता येईना, तर आईने तुमचं मनगट धरलं. सातव्या दिवशी तुम्ही गेलात.

तुमच्या मागचा जलदानाचा कार्यक्रम झाल्यावर मी विश्रामगृहात गेलो. वरचं नरसाळं उचललं. आत बाटली भरलेली होती, तुमचे सहा दिवस आणि त्यानंतरचे सगळे. मोजलं असतं तर निदान एकूण बेरीज खरी झाली असती. पण ती माझ्या आकड्यांशी जुळली नसती, आणि ते मला एकट्यालाही पाहायचं नव्हतं. मी बाटली न मोजता अंगणात उपडी केली. तिथल्या भेगेने ते पाणी लगेच पिऊन टाकलं. त्यानंतर तीन महिने, कचेरीचा माणूस येऊन पर्जन्यमापक घेऊन जाईपर्यंत, मी तिकडे फिरकलो नाही. घरी बसून तुमच्या हाताने लिहीत राहिलो.

सव्वातीन झाले. गावाकडून गाडी सुरू झाल्याचा आवाज येतो आहे, नमुन्यांच्या पिशव्या भरून झाल्या असाव्यात. आजी आंब्याखालून उठून इकडे यायला निघाली आहे. मला भीती वाटते आहे, बाबा, खरंच खूप भीती वाटते आहे. हे सांगितलं तर तुमचं नाव जाईल, पलीकडच्या जास्त पावसाने नहर जाईल. नाही सांगितलं तर ते दोन्ही राहील, आणि तुमच्या नावाखाली ते सहा आकडे कायमचे छापील होतील. तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे, म्हणूनच तुम्हाला विचारत नाही.

चिठ्ठी लिहून झाली. दोनदा वाचली, चूक नाही. खोट्या नोंदी सुरू झाल्याची तारीख मी तुम्हाला ताप आला त्या दिवसाची घातली आहे. खाली लिहिलं आहे: यांतल्या पहिल्या सहा नोंदींचं अक्षर वडिलांचं आहे, आकडे माझे आहेत, त्यांनी पाहिलं नव्हतं आणि मी पाहिलं असं त्यांना वाटलं, त्याआधीच्या प्रत्येक नोंदीला त्यांनी स्वतः गुडघे टेकले आहेत. रेघ मारायला मॅडमना एवढं पुरेल की नाही, मला माहीत नाही.

ही पानं मात्र माझ्याकडेच राहतील. यात एक गोष्ट आहे ती चिठ्ठीत नाही, तिचा मातीशी काही संबंध नाही. पहिल्या दिवशी नाल्यावरून परत येताना मी मनात बारा धरला होता. दारापर्यंत आल्यावर वाटलं, बारा म्हटलं तर तुम्ही ओळखाल. म्हणून मी बारा पूर्णांक चार सांगितलं. तुम्ही तापात मान हलवलीत आणि म्हणालात, "बरोबर पाह्यलं."