एक घर, एक देव, एक लॉगिन

४ मे, सकाळी ६.१०

आजपासून शिस्त. सिंचन खात्यात एकतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलं, एक कागद इकडचा तिकडे झाला नाही, आणि स्वतःच्या घरात पासवर्डांचा हा उकिरडा. काही सुगुणाच्या वहीत, काही कॅलेंडरच्या मागे, काही माझ्या डोक्यात. डोक्यातले तेवढे सुरक्षित होते. काल आठवले नाहीत ही गोष्ट वेगळी. राजमुंद्रीत मे महिन्यात कुणाला काय आठवतं?

पासवर्ड मॅनेजर घेतला. आपण एकच मोठा पासवर्ड लक्षात ठेवायचा, बाकीचे सगळे तो सांभाळतो. हा खरा बंदोबस्त.

४ मे, दुपारी

दोन फोन, एक टॅब, एक लॅपटॉप. सगळ्यांतले पासवर्ड आत ओढले. एकूण सहाशे चौदा.

आमच्या घरात माणसं तीन. मी, सुगुणा, आणि चार वर्षांपूर्वी सासरे गेल्यापासून तिची आई. सहाशे चौदा! सुगुणाला जाब विचारला. दोघी मायलेकी आवकायाचं लोणचं घालत बसल्या होत्या, कोपरापर्यंत तिखट. कैरीवरची नजर न काढता म्हणाली, अहो, दर वेळी तुम्हीच विसरता आणि दर वेळी नवं खातं उघडता.

साफ खोटं. तपासून पाहिलं. एकट्या गॅसच्या साइटवर माझ्या नावाची नऊ खाती. कुणीतरी माझ्या नावाने उघडलेली दिसतात. पोलिसांत जावं का?

५ मे

नियम ठरवला. एका साइटचे दोन लॉगिन दिसले की नवा ठेवायचा, जुना काढायचा. दुपारपर्यंत एकशे चाळीस काढले. खात्यात असताना डुप्लिकेट फायली अशाच काढत असे. लोक टरकून असत.

५ मे, संध्याकाळी

विजेच्या साइटवर लॉगिन होत नाही. का? तर मी गेल्या महिन्यात चुकीचा पासवर्ड टाइप केला होता, तो या फोनने निमूट जपून ठेवला. तोच सगळ्यात नवा. म्हणून तो राहिला आणि बरोबर होता तो गेला. चुकीची गोष्ट जपून ठेवणारा कारकून माझ्या हाताखाली असता तर त्याला मेमो दिला असता.

तेवढ्यात मूर्तीचा हैदराबादहून फोन. हा सुगुणाचा धाकटा भाऊ. म्हणाला, बावगारू, माझा सगळीकडे एकच पासवर्ड, बायकोचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. वीस वर्षं झाली, काही बिघडलं नाही. मी म्हटलं, तुझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय? तर हसला. याला राग कधी येतच नाही. अशा माणसांचाच मला राग येतो.

७ मे

उरलेले सगळे पासवर्ड बदलले. मॅनेजर स्वतःच बनवून देतो. वीस-वीस अक्षरं, मध्ये चांदण्या, टक्के, काय काय. मलासुद्धा माहीत नाहीत. याला म्हणतात सुरक्षा.

सुगुणाने वही पुढे केली. मग हे जुने? म्हटलं, फाडून टाक. तिने फाडली नाहीत पानं. एकेका ओळीवर काट मारली, माझ्याकडे बघत. असं बघायचं काय कारण?

९ मे, सकाळी १०

आज कळस झाला. पसिडिकोंड्याच्या देवस्थानाची साइट. लॉगिन किती? सात!

सगळे मोबाईल नंबर वेगळे. हा सुगुणाचा उद्योग. डोंगरावरच्या स्वामीच्या पहाटेच्या सेवेसाठी दर महिन्याला नावं घालायची, त्यातून देवस्थानाचा संगणक चिठ्ठ्या काढतो. एका नंबरवर एकच नाव चालतं. म्हणून घरात असतील नसतील तेवढे नंबर काढायचे आणि तेवढी खाती उघडायची. गोदावरीच्या दोन्ही काठांना सगळी घरं हेच करतात. लोकांनी केलं म्हणून शेषगिरी रावाच्या घरात चालायचं?

एक घर, एक देव, एक लॉगिन. आम्ही सगळे एकाच घरातले, हे स्वामीला कळत नाही की काय?

माझा ठेवला. सहा काढले. मॅनेजरची कचरापेटीही रिकामी केली. ती म्हणे तीस दिवस जपून ठेवते. कशाला? कचरा तो कचरा.

९ मे, दुपारी

त्याच झपाट्यात सासऱ्यांचं सिम बंद करून आलो. माणूस जाऊन चार वर्षं झाली आणि सुगुणा अजून रिचार्ज मारते! मृत्यूचा दाखला दिला, दहा मिनिटांत काम. घरी कुणाला विचारलं नाही. विचारलं की चर्चा होते.

सहाशे चौदावरून एकशे दोन. आज मला माझा अभिमान वाटतो.

१४ मे, सकाळी ११.३०

सुगुणा व्हरांड्यातून एवढ्याने ओरडली की मला वाटलं साप निघाला. साप नाही. चिठ्ठी निघाली. सासूबाईंची. साइटवर यादी लागली, त्यात त्यांचा अर्ज क्रमांक. जुलैतल्या एका पहाटेची सेवा, गाभाऱ्याच्या उंबऱ्यापासून चार हातांवर बसून.

नऊ वर्षं दर महिन्याला नाव घालत होत्या. वय एक्याऐंशी. आयुष्यात एकदाच स्वामीला पाहिलंय, लग्नाच्या वर्षी, पुढच्या माणसाच्या खांद्यावरून, दोन क्षण. ते दोन क्षण मी अडतीस वर्षं ऐकतोय.

सासूबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि भिंतीला टेकून बसल्या. मग म्हणाल्या, बोलावलं गं त्याने.

सतरा तारखेला संध्याकाळी पाचच्या आत खात्यात शिरून होकार कळवायचा, नाहीतर जागा पुढच्या माणसाला. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम. यासाठीच तर मॅनेजर घेतला. सासूबाई म्हणाल्या, अल्लुडूगारू, तुम्ही आहात म्हणून काळजी नाही. जावयाला असं मानणारी सासू आहे, हे सुगुणाने लक्षात घ्यावं.

१४ मे, ११.५०

मॅनेजरमध्ये पसिडिकोंड्याचा एकच लॉगिन. माझा.

१४ मे, १२.१५

घाबरायचं कारण नाही. 'पासवर्ड विसरलात?' असं बटण असतं. दाबलं. म्हणतो, शेवटी सत्तेचाळीस असलेल्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे.

सत्तेचाळीस सासऱ्यांचा.

मोबाईल कंपनीचा काय हा निष्काळजीपणा! कुणीही उठतो, कागद देतो, आणि हे दहा मिनिटांत सिम बंद करतात? चार प्रश्न विचारायला नकोत? आमच्या खात्यात असं काम व्हायला तीन महिने लागत. उगाच नव्हे.

१५ मे

सकाळी नऊला मोबाईलच्या दुकानात. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ज्यांच्या नावावर नंबर आहे त्यांना घेऊन या. म्हटलं, ते वारले. म्हणाली, हो सर, दाखला तुम्हीच दिलाय, आमच्याकडे आहे, म्हणून तर तो नंबर सुरू करता येत नाही. म्हटलं, मग वारलेल्या माणसाला घेऊन या म्हणालीस कशाला? म्हणाली, सर, तसं म्हणायचा नियम आहे. मी टेबलावर हात आपटला. हात अजून दुखतोय.

मग देवस्थानाची हेल्पलाइन. चाळीस मिनिटं स्तोत्र ऐकवलं. नंतर एक बाई, आवाज साखरेसारखा. म्हणाली, रावगारू, तुमचं दुःख कळतं, पण ओटीपी खातेदाराच्याच नंबरवर जाणार. उद्या दुसरं कुणी तुमच्या सासूबाईंची जागा बळकावायला आलं तर? बरोबरच बोलली. तरी फोन आपटला.

सासूबाईंनी सुटकेस खाली काढायला लावली. जुलैला दोन महिने आहेत! पहाटे तीनपासून ताटकळायचं म्हणून आतापासून व्हरांड्यात फेऱ्या मारतायत, एक हात भिंतीला. फेरीत माझ्या दाराशी थांबून विचारतात, अल्लुडूगारू, कागद आला का छापून? मी म्हणतो, होतोय, होतोय.

१६ मे

आठवून पाहायचं ठरवलं. पासवर्ड मीच तर बनवला होता. म्हणजे मॅनेजरने, पण माझ्या समोर. सुरुवातीला मोठा के होता असं वाटतं. पाच वेळा प्रयत्न केला. खातं चोवीस तासांसाठी बंद.

मूर्तीला फोन केला. त्याचं काही काम नव्हतं, केला आपला. म्हणाला, बावगारू, आईचा पासवर्ड मीच ठेवून दिला होता, आईचं नाव आणि एक-दोन-तीन. तुम्ही बदललात का? मी म्हटलं, आवाज नीट येत नाही.

१७ मे, ५.०५

गेले पाच वाजून.

५.२०

सासूबाईंना सांगितलं, देवस्थानाच्या संगणकात बिघाड झाला, नाव रद्द झालं. असं होतं कधीकधी. अगदी खोटंही नाही. कुठेतरी काहीतरी बिघडलंच ना?

सुगुणाने माझ्यासमोर कॉफी ठेवली. ठेवली म्हणजे आदळली. अर्धी बशीत.

१८ मे

सासूबाई सकाळपासून जेवल्या नाहीत. पाप शोधतायत.

म्हणजे खरंच शोधतायत. सुगुणाला समोर बसवून एकेक काढणं चाललंय. नाव काढलं आणि पुसलं, म्हणजे माझ्या हातून काहीतरी मोठंच घडलं असणार, म्हणतात. पुराच्या वर्षी दारात आलेल्या बाईला शिळा भात दिला. सवत्स गाय हाकलली. शेवटी बहिणीवर येऊन थांबल्या. पितळेच्या घंगाळावरून भांडण, सहा वर्षं अबोला, आणि बहीण तशीच गेली. हेच ते, म्हणाल्या. स्वामीने हेच धरलं.

मी आतल्या खोलीतून ओरडलो, पापबिप काही नाही, तो संगणक आहे! त्या शांतपणे म्हणाल्या, संगणक तरी कुणाचा, अल्लुडूगारू? त्याचाच ना?

१९ मे

आजही नुसतं ताक. व्हरांड्यातल्या फेऱ्या बंद. सुटकेस तशीच उघडी पडलीय, वर घडी केलेली नवी साडी.

मला सुगुणाचा संताप आलाय. आईला एवढं लागलंय तर सांगून का टाकत नाही खरं काय ते? विचारलं तसं. म्हणाली, मी का सांगू? कुटुंबप्रमुख कोण आहे?

स्वतःच्या नवऱ्याशी ही भाषा.

१९ मे, दुपारी

नवे नियम: एक, हेल्पलाइनला लेखी तक्रार. दोन, मोबाईल कंपनीला लेखी तक्रार. तीन, मॅनेजर बनवणाऱ्यांना लेखी तक्रार, इंग्रजीत. कचरापेटी रिकामी करायच्या आधी दोनदा विचारायला हवं.

दोनदा विचारलं होतं. आता आठवलं.

बाहेर सासूबाई बहिणीची क्षमा मागतायत. भिंतीकडे तोंड करून. बहीण जाऊन तीस वर्षं झाली. ती ऐकणार कुठून, आणि तिने केलं काय? या घरात या आठवड्यात ज्याने केलं तो इथे बसून तक्रारींचे मसुदे लिहितोय. मला माझीच लाज वाटते. हे एक वाक्य लिहून ठेवतो. परत वाचणार नाही.

२० मे

सांगून टाकलं.

उभ्या उभ्याच सांगितलं. नाव लागलं होतं. स्वामीने पुसलं नाही. पासवर्ड मी बदलला, लॉगिन मी काढला, सिम मी बंद केलं, बिघाड झाला म्हणालो तेही खोटं. एकतीस वर्षांच्या नोकरीत एवढा सरळ अहवाल मी कधी दिला नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, परत सांगा. परत सांगितलं. म्हणाल्या, म्हणजे त्याने माझं काही धरलं नाही? नाही. घंगाळाचंसुद्धा नाही? नाही. त्याने बोलावलंच होतं? हो. आणि मध्ये तुम्ही आडवे पडलात? हो म्हणालो.

उठल्या. मला वाटलं आता चप्पल. तर सुगुणाला म्हणाल्या, भात टाक, मला भूक लागलीय. आणि माझ्या हातातला फोन घेऊन मूर्तीला लावायला सांगितला. अरे, बोलावलं होतं रे मला त्याने, आपल्या जावयाने कडी घातली! आणि हसायला लागल्या. हसता हसता रडल्या, मग परत हसल्या. एवढ्या हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. मूर्तीही हसला. त्याला काय, तो नेहमीच हसतो.

२१ मे

काल पुलिहोऱ्याचं, म्हणजे चिंचेच्या भाताचं, पातेलं भरलं आणि सासूबाई स्वतः दारात बसून गल्लीला वाटत होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं: नऊ वर्षांनी बोलावणं आलं, उंबऱ्यापासून चार हात, आणि आमच्या अल्लुडूगारूंनी सफाई केली. प्रत्येक जण आधी त्यांना नमस्कार करायचा, मग त्यांच्या डोक्यावरून आत माझ्याकडे बघायचा. समोरचे निवृत्त हेडमास्तर द्रोण घेऊन खास आत आले. म्हणाले, शेषगिरीगारू, स्वामीने बोलावलेल्या माणसाला अडवणं काय सोपं आहे? एकट्याने केलंत हे. मानलं तुम्हाला.

बसून घेतलं सगळं. राग आला नाही असं नाही, पण काढायचा कुणावर?

आज सकाळी सासूबाईंनी बोलावलं. जूनच्या चिठ्ठीसाठी नाव घालायचंय, मूर्ती नवा नंबर घेतोय. तुम्ही फक्त हात लावायचा नाही, म्हणाल्या. म्हटलं, नाही लावणार. तर म्हणाल्या, तोंडी नको. तुमच्या खात्यात तोंडी चालायचं नाही, तुम्हीच सांगता ना?

लिहून दिलं. दोन प्रती काढल्या, खाली सही केली, तारीख घातली. एक प्रत त्यांनी देवाजवळ ठेवली, दुसरी सुगुणाने घेतली.

मला प्रत दिली नाही.