सोबतची मोठी व्यक्ती

१० नोव्हेंबर २०२५

आई गेल्यापासून या वहीत एक ओळ लिहिली नाही. अडीच वर्षं झाली. माफी कोणाची मागायची ते कळत नाही, म्हणून वहीचीच मागते. सांगण्यासारखं काही नव्हतं हे कारण खरं नाही. ऐकणारं कोणी नाही, हे मान्य करायचं नव्हतं.

आज मात्र लिहावंसं वाटतंय. परळच्या या लॉजवर काउंटर सांभाळायला लागले. गिरगावची खोली पुनर्विकासात पाडल्यावर शीवला भावाकडे, माधवकडे, राहत होते. भाऊ-वहिनी कधी काही बोलले नाहीत. पण मी सोफ्यावरून उठले, की वहिनी लगेच चादरीची घडी करायची. इथे नोकरीबरोबर चौथ्या मजल्यावर राहायला खोली मिळाली. पूर्वेचं ऊन येतं. सकाळी उगीचच दोनदा जाऊन बघून आले!

उतरणारे बहुतेक इस्पितळात दाखल असलेल्यांचे नातेवाईक. मालक शामराव सकाळी तासभर येतात, बाकी सगळं रामदास बघतात. वीस वर्षं आहेत इथे. शामरावांनी एकच नियम दोनदा सांगितला: अठराच्या आतलं कोणी एकटं आलं, तर खोली द्यायची नाही. रजिस्टरात ‘सोबतची मोठी व्यक्ती’ असा रकाना आहे, तो कोरा राहता कामा नये.

१२ नोव्हेंबर

भर दुपारी एक मुलगी आली. नाव मनवा, वय सोळा, आधारकार्ड जवळ, पाठीला सॅक. शनिवारी दादरला परीक्षा आहे म्हणाली. सोबत कोण, तर आई मागून येतेय. दोन लॉजवाल्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. तिने दिलेल्या नंबरावर मी स्वतः फोन लावला. बाईंचा आवाज दमलेला होता, पण सभ्य. निघालेय, येतेच आहे, तोवर तिला आत घ्या, एवढंच म्हणाल्या.

रामदासांनी मला सोपी वाट सांगितली. “काका लिवा नि सोडा, मॅडम. मी तर निम्म्या महाराष्ट्राचो काका झालंय!”

मला ते जमेना. खोटं नाव लिहायचं नाही आणि पोरीला रस्त्यावरही ठेवायचं नाही, मग लिहिता येईल असं खरं नाव एकच उरलं. रकान्यात मी माझं नाव लिहिलं: देविका.

लिहिताना मला आनंद झाला, हेही प्रामाणिकपणे नोंदवते. आई गेल्यानंतर माझ्या भरवशावर असं कोणीच नव्हतं. मी हे तिच्यासाठी केलं की माझ्यासाठी?

१४ नोव्हेंबर

मनवाची आई अजून आलेली नाही. आज पुन्हा फोन केला, येतेच आहे म्हणाल्या. मनवाची काही कुरकुर नाही. चारच्या सुमारास ती काउंटरवर येते, आम्ही चहा घेतो. मला मावशी म्हणते. आज माझे पांढरे केस मोजायला बसली, तेविसावर थांबली आणि म्हणाली, उरलेले उद्या. मी कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले.

तू तरी आईशी बोल, म्हणून फोन पुढे केला, तर तिने हात मागे घेतला. म्हणाली, “तिला माझ्याशी नसतं बोलायचं, मावशी. लॉजवाल्यांशीच बोलते ती.”

सकाळी माधवकडे उरलेलं सामान आणायला निघाले होते. परळच्या नाक्यावरच इतका वेळ गेला, की तशीच परतले. वेळ कशात गेला, ते आता आठवत नाही.

१६ नोव्हेंबर

परीक्षा काल होऊन गेली. मनवा खोलीतून हललीसुद्धा नाही. विचारलं, तर शांतपणे म्हणाली, “परीक्षा म्हटलं की आत घेतात. म्हणून सांगते.”

मी तिच्या आईला फोन लावला, स्पीकरवर. रामदास पायपुसणी झटकत होते, त्यांचा हात थांबला. “मॅडम, ह्यो आवाज राजलक्ष्मीबायचो!”

राजलक्ष्मीबाई या काउंटरवर माझ्या आधी बसायच्या. गेल्या वर्षी गणपतीला रामदास गावी गेले असताना त्या कोणाला न सांगता निघून गेल्या. तेव्हापासून रामदासच काउंटर बघत होते. मी जुनं रजिस्टर काढलं. सप्टेंबर २०२४. मनवा, वय सोळा. सोबतची मोठी व्यक्ती: राजलक्ष्मी.

तेव्हाही सोळा.

राजलक्ष्मीबाईंची बहीण घोडपदेवला असते. तिला फोन केला. ती म्हणाली, ताई रोज फोन उचलते, निघालेय म्हणते. चौदा महिने झाले, पोचली नाही. पोलीस म्हणतात, फोन उचलतायत ना, मग हरवल्या कशा?

१७ नोव्हेंबर

रजिस्टरातलं माझं नाव खोडायचं ठरवलं. पेन टेकवलं, तेवढ्यात मनवा समोर. सॅक पाठीला लावूनच आली होती. रडली नाही. म्हणाली, “खोड मावशी. मला सवय आहे.”

खोडलं तर मी सुटते आणि ती एकटी बाहेर. सोळा वर्षांची पोर. पण ती खरंच सोळा वर्षांची आहे का? हा प्रश्न मला पडलाय, की मी पळवाट शोधतेय? तासभर पेन हातात होतं.

नाही खोडलं.

१८ नोव्हेंबर

घोडपदेवला त्या बहिणीला भेटायला निघाले. लालबागवरून चालत फार तर अर्धा तास. अकरा वाजले होते. मसाल्याची दुकानं आली, ठसका लागला, पुढे गेले. पुन्हा मसाल्याची दुकानं. तोच माणूस, मिरच्या तशाच पसरत होता. तिसऱ्या वेळी त्याने विचारलं, ताई, काय शोधताय? — चार वाजले. मागे वळले, तर पाच मिनिटांत लॉज.

माधवचा फोन आला. कुठे आहेस म्हणाला. निघालेय, असं सांगितलं. मी ते सांगायचं ठरवलं नव्हतं — आपोआप —

१९ नोव्हेंबर

मनवा निघालीय. दादरला दुसऱ्या लॉजवर. तिथेही आईचा नंबर मागतील. कोणाचा देऊ, असं विचारलं नाही तिने. नुसती उभी राहिली.

मला सगळं कळत होतं, हे लिहून ठेवते. फसवलं नाही तिने मला.

माझा नंबर दिला. तिने दोनदा म्हणून पाठ केला.

दीड वाजता — घोडपदेवहून फोन. बहीण रडत होती. ताई पोचली. दारात उभी आहे, चपला पार झिजल्यात, पाणी दे म्हणतेय.

कोणीतरी पोचलं. बरं वाटलं. खरंच वाटलं.

नंतर

खोलीत जाते म्हणून जिना चढायला लागले. दुसरा मजला. रामदासांना हाक मारली, ओ आली, खालून, अगदी जवळून. पुन्हा दुसरा मजला. पायरीवर बसून लिहितेय. जिन्याच्या खिडकीत ऊन तेवढंच आहे, दीडचंच —

फोन वाजला. दादरचा लॉज. मुलगी एकटी आहे, सोबत कोण, विचारत होते. मी बोलले. आत घेतलं तिला. मागून तिचा आवाज आला, कोणाला तरी मावशी म्हणत होती —

मी परत खाली — नाही, वरच —

उद्या: फोन जवळ ठेवायचा. कोणी विचारलं तर पहिल्या रिंगला उचलायचा, पोर दारात ताटकळत