वेणी मी घातली नव्हती

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, व्यवसाय प्रेमावर व्याख्याने देणे, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. आज सकाळी डॉक्टरांनी वार विचारला, तो मी बरोबर सांगितला. कोणाचाही दबाव नाही. पत्नी मागेच वारली, मूलबाळ नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर, तीन खोल्या व गच्ची, मी वहिनींना, म्हणजे माझ्या दिवंगत थोरल्या भावाच्या पत्नीला देतो. हे दान नव्हे. कारण कलम तीनमध्ये आहे.

२. गाडी ड्रायव्हरला द्यावी. अठरा वर्षे त्याने दाराशी उभे राहून माझे तेच ते भाषण ऐकले, पण कधी जांभई दिली नाही. सभागृहाच्या व्यवस्थापकाला काही देऊ नये. वेळ संपली म्हणून त्याने माझे वाक्य अर्धे असताना माईक बंद केला होता. तेव्हा मी क्षमेवरच बोलत होतो, तरीही.

३. सव्वीस वर्षे मी प्रत्येक व्याख्यानात सांगितले की आई शेवटी सगळ्यांना विसरली, मलाही, आणि तरी सहा वर्षे रोज सकाळी मी तिची वेणी घालत असे. लोक रडत. हे खोटे आहे. आई भावाकडे असे; त्या सहा वर्षांत मी तिथे चारदा गेलो, आणि चौथ्या वेळी ती गेलेली होती. वेणी वहिनी घालत. औषध, अंथरूण, न्हाऊ घालणे, सारे त्यांनीच केले. आईने लग्नानंतर दोन वर्षे ज्या सुनेला उंबरठा ओलांडू दिला नव्हता, ती हीच.

एकदा वहिनी न कळवता व्याख्यानाला आल्या. मला त्या दिसल्या तेव्हा गोष्ट सांगून झाली होती. मी संयोजकांशी त्यांची ओळख करून दिली. ते डोळे पुसत म्हणाले, "असा दीर मिळायला भाग्य लागतं."

"हो तर," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी वेणी तेवढी सैल घालायचे."

पुढे त्यांनी हे माझ्या भावालाही सांगितले नाही. मी आठवड्याने तीच गोष्ट पुन्हा सांगितली. फक्त वेणी 'घट्ट' केली.

४. माझ्या पुस्तकातल्या वेणीच्या प्रकरणाआधी प्रकाशकांनी कलम तीन जसेच्या तसे छापावे. जमत नसेल तर पुस्तक बंद करावे.

५. काल वरची चार कलमे वहिनींना वाचून दाखवली. त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "घराचं बघू नंतर. पण ते तीन नंबरचं अर्धंच आहे."

"काय राहिलं?"

"आई मला रोज शिव्या द्यायच्या. एकदा माझ्या हाताला कडकडून चावल्या आणि मी त्यांच्या थोबाडीत मारली. रडल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. मग मीच न्हाणीघराचं दार लावून बसले."

"वहिनी, हे कशाला लिहायचं?"

"लिहा. नाहीतर उद्या कोणीतरी माझी गोष्ट घेऊन गावोगाव फिरेल."

त्यांच्या सांगण्यावरून लिहिले; कलम तीनबरोबर हेही छापावे. मी 'थोबाडीत मारली' ऐवजी 'चापट दिली' असे लिहिले होते. त्यांनी चष्मा लावून वाचले आणि ते माझ्याकडून खोडून घेतले. खोडलेल्या जागी माझी व दोन्ही साक्षीदारांची लहान सही आहे.

सही: लिहून ठेवणार

साक्षीदार: १. सकाळी वार विचारणारे डॉक्टर
२. तळमजल्यावरचे शिंपी

ठिकाण: राहत्या घरी, पुढची खोली
तारीख: नऊ मार्च, सोमवार