आक्काची वाचा

कळवा, ता. ३ फेब्रुवारी १९५३

चि. गोपीनाथ यास ठमाआक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. मी सांगते आणि सूनबाई शकू लिहिते. अक्षर आवडलं तर ते तिचं, मजकूर आवडला तर तो माझा.

मानेच्या गाठींवर मुंबईच्या इस्पितळात नव्या औषधाच्या दोन सुया झाल्या. बोराएवढ्या गाठी वाटाण्यावर आल्या. पण दुसऱ्या सुईनंतर माझी वाचाच बसली. मनात पाणी, तोंडात नुसतं बे बे. डॉक्टर म्हणाले, औषधाने क्वचित कुणाला असं होतं, दोन दिवसांत ओसरेल. शकूने तांब्या आणि पळी दिली. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. तीन म्हणजे चहा, हा शोध माझा. तुझ्या दाजींना तो संसार फार मानवला. तिसऱ्या दिवशी जीभ सुटली आणि पहिला शब्द त्यांच्याच वाट्याला आला. तो शकू लिहीत नाही.

सोमवारी वाचा तपासून तिसरी सुई देणार. मला काय, बोलायचंच तर आहे. भावजय सखुबाईस आशीर्वाद. लोभ आटू देऊ नकोस.

तुझी आक्का


कळवा, ता. १० फेब्रुवारी

चि. गोपीनाथास आशीर्वाद. सुई दिली नाही रे!

डॉक्टरांनी गाव विचारलं, सांगितलं. वीसपर्यंत आकडे म्हटले, वर मिठागराची हकीगत फुकट ऐकवली. मग विचारलं, नवऱ्याचं नाव काय? मी पदर ओढून गप्प. मग त्यांच्या पिशवीचा रंग विचारला. तो शब्द तरी मी कसा उच्चारू? म्हटलं, तव्याच्या बुडासारखा. आम्ही नाव घेत नाही असंही सांगितलं, तर म्हणाले, शब्द हरवलेली माणसं अशीच निमित्तं काढतात. शकूला विचारलं, तर सासऱ्याचं नाव ती कुठली घेणार? तिलाही तपासायला निघाले होते. हे मेले बाहेर विडी ओढत.

येत्या सोमवारीही शब्द आले नाहीत तर औषध कायमचं बंद. वाटाण्यांची पुन्हा बोरं होतील. काय करू ते कळव.

आक्का


टिटवाळा, ता. १३ फेब्रुवारी

ती. आक्कास गोपीनाथचा सा. न. वि. वि. तुझं पत्र ऐकून सखुबाई पाटावरून घसरली.

काळुराम, काळुराम, काळुराम. बघ, तीनदा लिहिलं, आभाळ जागेवर आहे. सत्तेचाळीस वर्षं तू काळ्या मण्यांना नुसतं 'मणी' म्हणतेस, काळ्या मांजराला 'ती बया'. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं आई म्हणायची खरं. पण तुझ्यावाचूनचं लांब आयुष्य दाजींना हवंय का, ते त्यांनाच विचार.

आक्का, तुझी पत्रं थांबली तर मला कोण रागावणार? माया आहे तशी असू दे.

गोपीनाथ


कळवा, ता. १७ फेब्रुवारी

चि. गोपीनाथास भरपूर आशीर्वाद. तिसरी सुई मिळाली!

तुझं पत्र ह्यांनाच वाचायला दिलं. हे म्हणाले, नाव माझं आहे, घे. आणि सोमवारी इस्पितळात विडी टाकून माझ्याबरोबर आत आले.

डॉक्टरांनी विचारलं. मी डोळे मिटून म्हटलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. मग पिशवी काळी म्हटली, छत्री काळी, बूट काळे. गोडी लागली रे! डॉक्टरांनीच हात जोडले.

पण हे स्टुलावर बसले ते बसलेच. डॉक्टरांनी ह्यांना नाव विचारलं, उत्तर नाही. सुई मला आणि वाचा गेली ह्यांची! कळव्यापर्यंत एक अक्षर नाही. शेवटी मीच तांब्या-पळी पुढे ठेवली. ह्यांनी तीन ठोके दिले. चहा झाला. मग मी विचारलं, पुन्हा एकदा म्हणू का?

एकच ठोका आला, पण तांब्याला पोचा पडलाय. येताना नवा आण, आणि आक्कावर जीव असाच ठेव.

तुझी आक्का