पालक व्हरांड्यात असतील तर

अण्णा, मी एक नियम केला होता. त्यात तुमचे नाव कुठेच नव्हते, तरी तो तुमच्यावरूनच केलेला होता. विद्यापीठाच्या सामायिक प्रयोगशाळेचे प्रमुखपद माझ्याकडे आले तेव्हा सुरक्षेची जुनी नियमावली मला इतकी ढिसाळ वाटली की मी ती अख्खी नव्याने लिहिली. आम्लांची कपाटे, गॅसच्या टाक्या, हातमोजे. कुणाला बोट ठेवायला जागा उरू दिली नाही. शेवटी एक कलम घातले: संध्याकाळी सहानंतर विद्यार्थिनीला काम करायचे असल्यास तिचे पालक व्हरांड्यात उपस्थित असावेत.

ते लिहिताना मला मी इथे शिकत असतानाचे तुम्ही दिसत होतात. सोनपेठची फेरी संपवून, तिकिटांची पेटी डेपोत जमा करून तुम्ही खाकी गणवेशातच येता आणि याच व्हरांड्यात बसता. पहारेकरी थट्टा करतो, "कंडक्टरसाहेब, पोरीला राखायलाव का गॅसच्या टाक्याला?" तुम्ही टोपी गुडघ्यावर ठेवत म्हणता, "टाक्याचं काय न्हाई हो. पोरगी तापली की लय आवाज होतो." आत मी ते ऐकते, चिडते, आणि निर्धास्तपणे मापे घेत राहते. तुम्ही बसायचात म्हणून मी शिकले. प्रत्येक मुलीला असे कुणी मिळावे, असे मला मनापासून वाटले. पण त्या इच्छेचा नियम केला की जिला असे कुणी नाही ती दाराबाहेर राहते, एवढी साधी गोष्ट माझ्या काटेकोर बुद्धीला दिसली नाही.

यंदा ज्वारीचे कोणते वाण पाण्याचा ताण सोसते, यावर काम करणारी एक मुलगी आली. घरी मेंढरे, वडील ती घेऊन रानोमाळ. पानांचे नमुने दिवस मावळल्यावरही ठराविक अंतराने काढून गोठवावे लागतात. ती सहाला बाहेर पडायची. शेजारच्या टेबलावरची मुले खुशाल बसून राहायची, त्यांचे पालक कुणी मागत नव्हते. एकदा ती माझ्यासमोर उभी राहिली. "मॅडम, आमचे दादा मेंढरं घेऊन चारठाण्याच्या पुढं गेलेत. पाऊस पडल्याबिगर येत न्हाईत. कुणाला आणून बसवू? एखादा मेंढा बांधू का व्हरांड्यात?" मी तिला आधी वडीलधाऱ्यांशी बोलण्याची रीत शिकवली. मग म्हणाले, "विद्यापीठाचा नियम आहे. माझ्या हातात काही नाही."

सगळे माझ्याच हातात होते, अण्णा.

पुढे एका तरुण सहकाऱ्याने नवा मसुदा आणला. मुलगा असो वा मुलगी, सहानंतर कुणीच एकटे काम करायचे नाही, जोडीने करायचे. पहारेकऱ्याने आत फेरी मारायची. वसतिगृहापर्यंतच्या वाटेवर दिवे लावायचे. मी त्यात चूक शोधली, सापडली नाही. तरी सही अडवून धरली. कधी शब्दरचना खटकली म्हणाले, कधी कलमांचा क्रम. मुलीने विचारले की "कार्यालयातून यायचे आहे" असे सांगत राहिले. खरे कारण असे की त्या सहीने व्हरांड्यातली तुमची जागा जाणार होती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली, आणि मी दुसऱ्याच्या लेकीचा हंगाम खर्ची घालून तुम्हाला तिथे बसवून ठेवले. तोवर ज्वारी निसवून कणसांवर गेली. तिचे संध्याकाळचे नमुने राहिले ते राहिलेच. आता पुढच्या रब्बीची वाट पाहायची.

काल सही केली. आज संध्याकाळी, उशीर कार्यालयाने नव्हे, मी केला, हे सांगायला तिच्याकडे गेले. हाती होते तेवढ्या नमुन्यांवर ती मैत्रिणीबरोबर काम करत होती. मला पाहताच उठली. "मॅडम, तुमी लय भांडलाव म्हणं आमच्यासाठी. थँक्यू."

मी म्हणाले, "चष्मा कुठे आहे? आम्ल असे उघड्या डोळ्यांनी ओततात का?" आणि परत आले.

तिला सांगायचे होते ते तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही आता उलट काही विचारू शकत नाही.