वहीत लिहिलेली नाडी

आई, फार उशिरा लिहितोय, रागावू नकोस. तुला वाचता येत नव्हतं, मग लिहून काय उपयोग, अशी सबब मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो.

तुझी छाती धडधडायची तेव्हा डॉक्टरांनी मला मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायला शिकवलं. सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहायची. घरात सातवीपर्यंत शिकलेला मी एकटाच. तू कणीक मळता मळता हात पुढे करायचीस आणि म्हणायचीस, "मोज बाबा, मोजून आयुष्य वाढत असेल तर." पहिले चार दिवस मी घड्याळाकडे बघत नीट मोजली. मग मंडईतल्या गाळ्यावर पोचायची घाई असायची. नाडी मधेच अडखळायची, माझी मोजणी चुकायची, पुन्हा मोजायला धीर नसायचा. मी मनानेच लिहायला लागलो. शहात्तर, अठ्ठ्याहत्तर, पुन्हा शहात्तर. डॉक्टर वही बघून म्हणाले, "छान, स्थिर आहे. पंधरा दिवसांनी या." तू शेजारणीला सांगितलंस, "माझ्या लेकाचं अक्षर बघून डॉक्टर खूश झाले." त्यानंतर नवव्या दिवशी तू गेलीस. त्या आकड्यांमुळे गेलीस का, हे मी कधी कुणाला विचारलंच नाही.

आता माझ्या मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ आहे. मुलीनं कोथरूडहून आणून दिलं. मी हो म्हटलं तर आकडे थेट तिच्या फोनवर जातील. मी हो म्हणत नाही, बघून बघून वहीत उतरवतो. ती चिडते, "बाबा, तुमच्या नाडीत एवढं काय गुपित आहे? खजिना पुरलाय का?" मी म्हणतो, "काळीज माझं, आकडेही माझे." तिला वाटतं, म्हातारा हट्टी आहे. तसं नाही गं. आकडे तिच्याकडे गेले आणि उद्या काही झालं, तर आपण वेळेवर बघितलं नाही म्हणून ती जन्मभर स्वतःला खात बसेल. मला ते माहीत आहे.

काल सकाळपासून घड्याळ एकशे वीसच्या खाली येत नाही. बोटं ठेवून तीनदा मोजली. तुझ्यासारखीच अडखळते. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, तेव्हा तुला एकटीलाच सांगतो: वहीत मी ऐंशी लिहिलंय. हात आपोआप गेला. सोमवारी तीच वही डॉक्टरांपुढे ठेवायची आहे.

मुलीला फोन करून खरा आकडा सांगू का? तेवढं कळव, आई. लवकर कळव.